त्याच्या वजनावर लावलेली गाडी

"तिथेच थांबा. बेअरिंग उघडी आहेत, धूळ आत आणू नका."

कमानीवाले गाडीखालून बोलले. दारात उभ्या असलेल्या जावयाचे त्यांना फक्त बूट दिसत होते, आणि त्या बुटांशी बोलणेच त्यांना पुरेसे वाटत होते.

"किती राहिलंय?" जावयाने विचारले.

"दिसत नाही का?"

"दिसतंय म्हणूनच विचारतोय. उद्या दुपारी ट्रेलर घेऊन येणार आहे मी. गाडी चाकांवर हवी."

"गाडीचं काय, ती राहील चाकांवर. माणसांचं सांगता येत नाही."

जावयाने एक खोका जमिनीवर ठेवला आणि पायाने आत सरकवला. "बुश आणलेत. मूळ गाडीला होते तसेच, रबराचे. शर्यतीत जुन्या गाड्यांच्या गटात दुसरं काही चालत नाही. नियमच आहे."

"नियम पाळायला लागलात, बरं वाटलं."

"हे बघा, मी भांडायला आलेलो नाही."

"मी कुठे भांडतोय? मी पडून आहे."

"आणि हे 'तुम्ही-तुम्ही' कधीपासून? या शेडमध्ये कधी मला 'तुम्ही' म्हणाला नाहीत."

"माणूस परका झाला की मान द्यावा लागतो."

जावई हसला, पण त्या हसण्यात दात जास्त होते. "ठीक. मग एक मानाचं ऐकून घ्या. बस नाहीये ही. डेपोत पाटे ठोकायचात तसं घणानं ठोकून बसवू नका. आणि तिला सांगा, माझे हातमोजे कपाटात वरच्या कप्प्यात राहिलेत."

"तिला तुम्हीच सांगा."

"ती फोन उचलत नाही."

"मग उघड्या हातांनी चालवा."

बूट गेले. 'ठोकून' हा शब्द कमानीवाल्यांच्या कानात ग्रीससारखा चिकटून बसला होता.

बसच्या डेपोत त्यांनी उभी नोकरी काढली ती कमानींच्या विभागात. बसच्या खाली पोलादी पाट्यांची चळत असते. खड्ड्यातून जाताना धक्का ती खाते आणि वरच्या माणसाला खाऊ देत नाही. त्या चळतीतला कुठला पाटा थकला आहे, हे कमानीवाले बस फाटकातून आत येतानाच सांगत. म्हणून हे नाव पडले, आणि पुढे पगारपत्रकाखेरीज त्यांचे खरे नाव कुठेच उरले नाही. ते नाव कोणी हाक मारताना प्रेमाने घेत असे असे मात्र नाही. इंजिन दुरुस्त करणाऱ्यांना ड्रायव्हर चहा पाजत. कमान नीट बसली तर कोणाला काही जाणवतच नाही, आणि न जाणवलेल्या गोष्टीबद्दल चहा कोण पाजणार? त्यांच्या कामाची आठवण लोकांना फक्त कंबर दुखली की येई.

निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये त्यांनी खड्डा खणून घेतला. त्यात उभे राहिले की गाडीचे पोट डोळ्यांसमोर येई. त्या खड्ड्याला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते जावयाच्या रूपाने. लग्नाआधीच त्याने ती छोटी गाडी घेतलेली होती: दोन दरवाजे, डब्यासारखे नाक, एके काळी अर्ध्या गावाच्या दारात उभी असायची तसली. हौशी लोकांच्या शर्यतीत ती पळवायची त्याला भारी आवड. इंजिन तो स्वतः बघे आणि ते त्याला चांगले जमेही. पण वळणावर गाडी बोटीसारखी कलायची. सासऱ्याने ते एकदा पाहिले आणि म्हटले, "तुझ्या घोड्याला पाय नाहीत." तिथून तीन वर्षे दोघांनी मिळून ती गाडी घडवली. आखूड आणि कडक स्प्रिंगा, खालची रिंग फिरवून उंची कमीजास्त करता येईल असे शॉकअप, चाकाला गाडीशी जोडणारे, मजबूत केलेले आर्म. रविवारी दुपारी शेडमधून येणाऱ्या हसण्याला वैतागून आतून बायको ओरडायची, "जेवायला या, नाहीतर तिथेच ग्रीस खा!"

मग या वर्षी कळले, की जावयाने आपले अर्धे सामान दुसऱ्याच एका घरात नेऊन ठेवले आहे. लेक दोन बॅगा घेऊन माहेरी आली. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. परत आल्यावरही एक दिवस रजा न घेता कामावर गेली आणि घरात कोणाशी नीट बोलली नाही. गाडी मात्र शेडमध्ये तशीच राहिली, पुढचे पाय उघडे पडलेल्या स्थितीत. कागदोपत्री ती त्याचीच होती. लेकीने एवढेच सांगितले होते, "या आठवड्यात ती इथून गेली पाहिजे. मला खिडकीतून दिसते."

पण पाय नसलेली गाडी ट्रेलरवर चढणार कशी?

कमानीवाल्यांनी खोका उघडला. बुश म्हणजे एक साधी गोष्ट असते: आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडे, आणि दोघांच्या मध्ये दोन्हींना चिकटवलेले रबर. चाक वरखाली झाले की आर्म फिरतो, आणि रबर घसरत नाही, ओल्या फडक्यासारखे पिळवटते. चाक जागेवर आले की पीळ सुटतो. एवढेच त्याचे काम.

आता त्यातली मेख अशी, की बोल्ट आवळला की आतली नळी कायमची पकडली जाते. आवळताना आर्म ज्या कोनात असेल, तो कोन रबराला घर वाटतो. म्हणून बोल्ट आवळायचा तो गाडी जमिनीवर उभी असताना, तिचे सगळे वजन चाकांवर आलेले असताना, आणि शर्यतीची असेल तर चालवणाऱ्याचे वजनही सीटवर असताना. गाडी हवेत आणि चाके टांगलेली असताना आवळली, तर खाली उतरल्यापासून रबर पिळलेलेच राहते. न थांबता, उभ्या गाडीतसुद्धा, ते मूळ कोनाकडे ढकलत राहते. शिकाऊ माणसे घाईत हीच चूक करतात.

कमानीवाल्यांना घाई नव्हती.

त्यांनी आर्म बसवले, बुश बसवले, स्प्रिंगा चढवल्या. बोल्ट हाताने फिरवून ठेवले. गाडीचे नाक दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, होते आणि चाके खाली लोंबत होती. आता घोड्या काढायच्या, गाडी खड्ड्यावर उतरवायची आणि मग आवळायचे. त्यांनी मोठा पाना उचलला, घोड्यांकडे पाहिले, आणि घोड्या तशाच ठेवून उजव्या बाजूचा, चालवणाऱ्याच्या बाजूचा, पहिला बोल्ट आवळायला घेतला.

बऱ्याच दिवसांनी असे मनासारखे काम हाताला लागले होते. त्यांनी हिशेब केलेला होता. फक्त उजवी बाजू. उंचीचा फरक ते रिंग फिरवून झाकणार होते. उद्या पातळी बघायला पाणसळ ठेवली तरी तिच्यातला बुडबुडा मधोमध दिसेल. मग दोन-तीन शर्यतींत रबर आतून फाटत जाईल, गाडी एका अंगाला झुकेल, एका वळणाला गोगलगाय आणि दुसऱ्याला माकड होईल. चाक निखळणार नाही, माणूस मरणार नाही. तो फक्त हरेल. दर वेळी थोडासा. आणि इंजिन उघडून उघडून आयुष्य घालवील, पण का हरतोय ते त्याला कळणार नाही.

"चाकं लोंबतायत."

लेक दारात उभी होती. हातात हातमोजे. ते तिने दोन बोटांनी असे धरले होते, जसे कोणी मेलेला उंदीर शेपटीने धरतो.

"हे त्याच्या गाडीत टाका. आईनं सांगितलं तो मागत होता."

"ठेव तिथे."

"चाकं लोंबतायत, बाबा. आणि तुम्ही आवळताय."

"मला काम शिकवू नकोस."

"तुम्हीच शिकवलंय. बॅटरी धरून उभी राहायचे मी, आठवतंय? हात हलला की बोलायचात." ती दोन पावले आत आली. "मुद्दाम करताय ना?"

कमानीवाल्यांनी पाना फिरवत ठेवला. मग थांबले. "तुझ्यासाठीच करतोय."

"मी सांगितलं होतं?"

"प्रत्येक गोष्ट सांगावी लागते का? त्यानं तुला असं वागवलं. मी काय त्याला ओवाळून पाठवू? हरू दे. दर रविवारी हरू दे. कळणारही नाही त्याला."

त्यांना वाटले होते, ती गप्प होईल. कदाचित रडेल, आणि मग निदान घरात कोणीतरी रडलेले असेल. पण ती भडकली.

"कळणार नाही कसं? त्याला लगेच कळेल! पहिल्या शर्यतीत हरला की सगळ्यांना सांगत सुटेल, सासऱ्यानं गाडी बिघडवून दिली. आणि या वेळेला ते खरं असेल! आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खरं बोलेल, आणि ती संधी त्याला तुम्ही देणार?"

"हळू बोल. तुझी आई—"

"त्याला काय पाहिजे असतं माहीत आहे तुम्हाला? सबब. भांडण झालं तर माझ्या नोकरीमुळे. उशीर झाला तर रस्त्यामुळे. दुसरं घर केलं तेही म्हणे मी गप्प असते म्हणून. एक माणूस असा नाही ज्याच्या मागे तो लपला नाही. आता तुमच्या बुशच्या मागे लपायला जागा करून देताय." तिने हातमोजे गाडीच्या टपावर आपटले. "मला तो हरायला हवाय. पण एकदम नीट गाडीत बसून. एक गोष्ट चुकीची नको त्या गाडीत, त्याच्याशिवाय."

शेडमध्ये तापलेल्या पत्र्यांच्या निवण्याचा टणटण आवाज येत होता. कमानीवाल्यांनी पाना खाली ठेवला, पण तिच्याकडे न बघता.

"तुझी जीभ तुझ्या आईवर गेलीय."

"आणि खुनशीपणा तुमच्यावर. सोडा तो बोल्ट."

त्यांनी बोल्ट सैल केला. दोघांनी मिळून जॅक लावला, घोड्या काढल्या, गाडी खाली उतरवली आणि खड्ड्यावर ढकलत नेली. या सगळ्यात "धर", "सोड", "डोळे आहेत की बटणं" याखेरीज एक शब्द झाला नाही. लेकीने बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी खाली-वर दाबली, म्हणजे सैल आर्म आपापल्या जागी येऊन बसतात. हेही तिला कोणी सांगावे लागले नाही.

"आता वजन," कमानीवाले म्हणाले. "चालवणाऱ्याचं. बोलवू त्याला?"

"बोलावलंत तर मी खड्डा बुजवीन. तुमच्यासकट."

"मग? त्याचं वजन किती, मला काय माहीत."

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली. जरा थांबून, "थंडीत त्र्याऐंशी."

ते ऐकून कमानीवाल्यांना काय वाटले, ते त्यांनाच सांगता आले नसते. ते फक्त बाहेर गेले आणि पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्यांतली एक ओढत घेऊन आले. बायकोला हाक मारून घरातला वजनकाटा मागवला. ती काटा पोटाशी धरून आली, दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, "आता हे काय?"

"जावयाचं वजन करतोय."

"गेला ना तो? आता वजन कशाला करताय? असताना केलं असतं तर काही उपयोग होता." काटा तिने जमिनीवर आदळला. "आणि तो मला परत हवाय, स्वच्छ पुसून. तुम्हा बापलेकींच्या राड्यात माझी एक वस्तू धड राहात नाही."

लेक काट्यावर चढली. मग एक पिशवी उचलून घेतली. थोडे जास्त झाले. तिने पिशवीचे तोंड सोडून दोन-तीन ओंजळी वाळू बाहेर टाकली, पुन्हा चढली, एक मूठ परत घातली. पाणी तपासताना थेंब मोजायची सवय. आकडा जमला तेव्हा आई अजून तिथेच उभी होती. तिच्या तोंडून नुसते "बघा" एवढेच निघाले, आणि ती आत निघून गेली.

लेक सीटवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. कमानीवाले खड्ड्यात उतरले.

खालून त्यांना गाडीचे पोट दिसत होते आणि सीटखालचा पत्रा किंचित करकरलेला ऐकू आला होता. त्यांनी आधी दोन्ही बाजूंच्या रिंगा फिरवून उंची सारखी केली, मग उजवा बोल्ट आवळायला घेतला.

"हलू नकोस."

"हलत नाहीये."

पाना फिरत राहिला. थोड्या वेळाने वरून आवाज आला, पत्र्यातून गाळून आल्यासारखा. "गाडी नवी घडवली तेव्हा पहिल्या वर्षी शर्यतीत मी चालवायचे."

"माहीत आहे."

"तेव्हा माझ्या वजनावर लावली होती?"

"हो."

"मग त्याच्या वजनावर कधी लावलीत?"

कमानीवाल्यांचा हात थांबला. त्या वर्षी शर्यती संपल्यावर जावई एकटाच शेडमध्ये आला होता. म्हणाला होता, पुढच्या वर्षी मी बसतो, ती अडखळते वळणावर, तिला मी सांगतो नंतर. आणि त्यांनी काही न विचारता पाना उचलला होता. तो सीटवर बसला, हे खड्ड्यात उतरले, जसे आज. दोघे काहीतरी विनोदावर हसतही होते.

"मी सरावाला गेले एका सकाळी," वरून आवाज आला. "उजवीकडे वळली की एक गाडी, डावीकडे वळली की दुसरीच. मला वाटलं, काहीतरी तुटलं. खाली उतरून बघितलं तर उजवी बाजू नेहमीपेक्षा जास्त उचललेली. माझ्यापेक्षा जड माणसासाठी लावलेली. मी बसले असतानासुद्धा थोडी रिकामीच." ती थांबली. "त्यानं मला त्यानंतर पंधरवड्यानं सांगितलं. त्याच्याआधी मला गाडीनं सांगितलं होतं."

"तो म्हणाला होता, तो सांगतो."

"तुम्ही माझे बाबा होतात. त्याचे मेकॅनिक नव्हतात."

कमानीवाल्यांजवळ दोन-तीन उत्तरे होती, पण त्यातले प्रत्येक उत्तर एका सबबीसारखे ऐकू आले असते, आणि सबबींबद्दल तिचे मत त्यांनी आत्ताच ऐकले होते. त्यांनी बोल्ट आवळला. मग त्याच्या मागचा. मग डाव्या बाजूचे दोन. शेवटी प्रत्येकावर हात ठेवून पुन्हा एकदा पाहिले, जसे डेपोत बस फाटकाबाहेर सोडण्यापूर्वी पाहात.

"झालं का?"

"झालं."

"नक्की? उद्या तो म्हणायला नको—"

"झालं म्हटलं ना." आणि मग, खड्ड्यातल्या अंधाराला सांगावे तसे, "तू वळणावर अडखळत नव्हतीस. तुझं चांगलं होतं."

"हे आत्ता सांगून काय करू मी?" ती म्हणाली. आवाज अजिबात मऊ झालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई ट्रेलर घेऊन आला. लेक कामावर गेली होती. आज तिने मुद्दाम लवकर बस पकडली होती. कमानीवाल्यांनी गाडी शेडबाहेर काढून ठेवली होती. रिकामी गाडी उजवा खांदा जरा वर करून उभी होती.

"ही बाजू वर दिसतेय," जावई लगेच म्हणाला. त्याने सासऱ्याकडे रोखून पाहिले. "काय केलंत?"

"बसा."

"बसायचं काय त्यात? दिसतंय ना. मला वाटलंच होतं तुम्ही काहीतरी—"

"बसा म्हणतोय."

जावई दार उघडून बसला. गाडी उजवीकडे हळूच उतरली आणि थांबली. कमानीवाल्यांनी खिशातली पाणसळ काढून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर ठेवली. बुडबुडा मधोमध आला आणि हलला नाही. जावयाने खिडकीतून मान बाहेर काढून तो पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी संशय होता, मग काहीतरी आठवल्यासारखे झाले, आणि मग त्याने तोंड फिरवले.

"माझ्या वजनावर कशी लावलीत? मी तर नव्हतो."

"लावली."

"कोणी सांगितलं तुम्हाला वजन?"

कमानीवाल्यांनी पाणसळ पुसून खिशात घातली. "हातमोजे मागच्या सीटवर आहेत. पुन्हा काही लागलं तर इकडे येऊ नका."

गाडी ट्रेलरवर चढली. जावई काहीतरी म्हणणार होता, पण ट्रेलरच्या साखळ्या आवळण्यात ते राहून गेले. वळणावर ट्रेलर डावीकडे कलला, त्यावरची छोटी गाडी मात्र त्याहून तसूभरही जास्त कलली नाही. कमानीवाल्यांनी ते पाहिले. दुसऱ्या कोणी पाहिले असेल असे नाही.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी फळ्या टाकून खड्डा झाकला. वजनकाटा पुसून आत नेऊन दिला. मग वाळूची पिशवी पत्र्यावर परत ठेवायला गेले, तर काल संध्याकाळपासून ती भिंतीला टेकून तशीच पडली होती. एका बाजूने तिला खोलगट आकार आला होता, मांडीवर बराच वेळ धरून ठेवलेल्या वस्तूला येतो तसा. त्यांनी पिशवी उचलली. ती हलवून सारखी करावी, असे आधी त्यांच्या मनात आले. मग दोन्ही हात खालून लावून, आतली वाळू हलणार नाही अशा बेताने, ती शिडीवरून एकेक पायरी वर नेऊ लागले.